दहा मिनिटांची गवतपट्टी

आमच्या गल्लीत प्रत्येक घराचं कुंपण आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक पट्टी आहे. जमीन कौन्सिलची, म्हणजे गावच्या नगरपालिकेची. गवत मात्र ज्याच्या घरासमोर उगवेल त्याचं, आणि कापायचंही त्यानेच. ही वाटणी कोणी आणि कधी केली हे कुरांबीन गावात कोणालाच माहीत नाही, आणि त्यावर कोणी वादही घालत नाही.

वाद घालायला आमच्याकडे दुसरी गोष्ट आहे. आपली पट्टी कापून झाली की गवत कापायचं यंत्र वळवताना शेजाऱ्याच्या हद्दीतला यंत्राच्या रुंदीचा एक पट्टा कापायचा. एकच. एक पट्टा कापला म्हणजे शेजारधर्म. सगळी पट्टी कापली म्हणजे ‘तुम्हाला आता झेपत नाही’ असं तोंडावर सांगणं. आणि बरोबर हद्दीवर थांबलं म्हणजे युद्ध. मागच्या गल्लीत दोन घरं अशी हद्दीवर थांबलेली आहेत. अकरा वर्षं झाली, एकमेकांच्या पोरांच्या लग्नालाही गेली नाहीत.

मी डार्सी मॅक्गिव्हर्न, वय अठरा. तेरा वर्षांचा असल्यापासून शेजारच्या मिसेस टॅव्हनरची पट्टी मीच कापत होतो, सगळीच्या सगळी. त्या चौऱ्याऐंशीच्या, नवरा मर्व्ह वारलेला, त्यामुळे त्यांनी तो अपमान मानला नाही. काम दहा मिनिटांचं. झालं की त्या फळांचा केक द्यायच्या आणि केक संपेपर्यंत मर्व्हच्या गोष्टी सांगायच्या. शाळा संपली तसं मला हे सगळं फार पोरकट वाटायला लागलं. माणसाने आयुष्यात काहीतरी भरीव करावं, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून मी गवत कापण्याचा व्यवसाय सुरू केला आणि गवत कापणं बंद झालं.

वाचनालयात तरुण उद्योजकांसाठी सहा मंगळवारांचा मोफत वर्ग होता. शिकवणाऱ्या गृहस्थांनी स्वतः कधी धंदा केलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात शंकेला जागाच नव्हती. पहिल्या मंगळवारी मी नाव ठरवलं: ‘मॅक्गिव्हर्न हरितक्षेत्र व्यवस्थापन’. दुसऱ्या मंगळवारी बोधचिन्ह झालं, गवताचं एक पातं, आत्मविश्वासाने उभं. तिसऱ्या मंगळवारी जोखमीचा तक्ता. ‘जोखीम: मॅगपाय पक्ष्याने डोक्यावर झडप घालणे. शक्यता: निश्चित. उपाययोजना: डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा, पक्ष्याला फसवण्यासाठी मागच्या बाजूस डोळे रंगवून.’ चौथ्याला नोंदणी आणि विमा, पाचव्याला रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याचं प्रमाणपत्र. सहाव्याला आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. या दीड महिन्यात मी गवताच्या काडीलाही हात लावला नव्हता, पण दमलो होतो म्हणजे काय विचारता!

गवताला मात्र वर्गाची कल्पना नव्हती. वसंत ऋतू, वर चांगला पाऊस. मिसेस टॅव्हनरच्या दारात ते गुडघ्यापर्यंत आलं.

“डार्सी, अरे आमची पट्टी विसरलास का?” त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

“अंदाजपत्रक पाठवलंय ना, मिसेस टॅव्हनर.”

“काय पाठवलंयस?”

“सेवेचं स्वरूप, व्याप्ती आणि अटी. तुमची सही झाली की पुढची प्रक्रिया सुरू होईल.”

“मेल्या, गवत कापायचंय. लग्न नाही लावायचंय.” मग त्यांचा आवाज खाली आला. “हे बघ, पुढच्या गुरुवारी दहा वाजता तपासणीवाल्या बाई येतायत. मी या घरात एकटी राहू शकते की नाही ते ठरवायला. आमच्या लेकीने, लोरेनने बोलावलंय त्यांना. तिने वृद्धाश्रमात खोलीसुद्धा बघून ठेवलीय. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणे. दारात हे असलं रान माजलेलं दिसलं की संपलंच माझं.”

मला वाईट वाटलं. केकची शपथ, खरंच वाटलं. त्या क्षणी यंत्र काढलं असतं तर दहा मिनिटांत विषय मिटला असता. पण वर्गात शिकवलं होतं की छंद आणि व्यवसाय यांतली रेषा ओलांडायची नाही. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “गुरुवारच्या आत होणार. माझा शब्द आहे.” आणि शब्द पाळण्यासाठी मी घरात जाऊन कौन्सिलला फोन लावला.

फोनवर मॉरीन नावाच्या बाई होत्या. स्वभावाने इतक्या गोड, की नकार ऐकतानाही आपला सत्कार चाललाय असं वाटावं.

“घरमालक म्हणून कापणार असशील तर खुशाल काप, राजा. विचारायचंही नाही.”

“नाही, नाही. मी नोंदणीकृत व्यावसायिक आहे.” मी अभिमानाने सांगितलं.

“अगंबाई! मग सदर जमीन कौन्सिलची असल्याने तुला परवाना लागेल. आधी जागेची पाहणी होईल.”

“उद्या होईल?”

“झाली असती. गवत किती वाढलंय?”

“गुडघाभर.”

“मग नाही रे होणार. घोट्याच्या वर गवत असेल तर आमचा पाहणी अधिकारी पाऊल ठेवत नाही. सापांचे दिवस आहेत. तू असं कर, आधी ते कापून घे, मग पाहणी करू, आणि मग तुला कापायचा परवाना देऊ.”

“पण परवान्याशिवाय कापता येत नाही ना?”

“अजिबात नाही,” मॉरीनबाई कौतुकाने म्हणाल्या. “वर्गात नीट लक्ष दिलेलं दिसतंय तुझं.”

संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. ते चहाचा कप ठेवून उठले. “एवढंच ना? मी कापून येतो.”

“बाबा, थांबा! तेही विचारलंय मी. व्यवसायाचा नोंदणीकृत पत्ता हाच आहे. या पत्त्यावरच्या कोणीही गवत कापलं तर ते व्यवसायाचं काम धरलं जातं.”

“म्हणजे आपल्या स्वतःच्या दारातलं गवत?”

“तेही.”

बाबा परत खुर्चीत बसले. “कुरांबीनमध्ये नऊ हजार माणसं राहतात, डार्सी,” ते म्हणाले. “त्यांतल्या फक्त दोघांना गवत कापायला बंदी आहे, आणि ते दोघंही या घरात राहतात. हे तू दीड महिन्यात करून दाखवलंस.” मला तेव्हा त्यात थोडं कौतुकही ऐकू आलं.

नोंदणी रद्द करून टाकावी, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण व्यवसायाच्या नावाची पाचशे कार्डं छापून झाली होती, आणि त्यांच्यावरचं ते पातं इतकं सुबक आलं होतं! मी सोमवारी मॉरीनबाईंना स्मरणपत्र पाठवलं, मंगळवारी दुसरं, बुधवारी त्या दोन्हींचा संदर्भ देऊन तिसरं. मिसेस टॅव्हनर रोज कुंपणाशी यायच्या. बुधवारी त्या नुसतं गवताकडे बघून आत गेल्या. लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी चौथं स्मरणपत्र पाठवलं.

गुरुवारी पावणेदहाला मी रस्त्यावरच्या कामगारांसारखं नारिंगी जाकीट घालून, डोक्यावर डबा चढवून त्यांच्या दारात उभा राहिलो. रस्त्यात वाहतूक अडवायचे सहा शंकू मांडले. हातात ‘थांबा’ लिहिलेली पाटी धरली. वाहतूक थांबवण्याचं प्रमाणपत्र तेवढं माझ्याकडे होतं, आणि जे कायदेशीर आहे ते तरी आपण मनापासून करावं असं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात टॅव्हनरांच्या शेडचं दार उघडलं. मिसेस टॅव्हनर मर्व्हचं जुनं यंत्र ढकलत बाहेर आल्या. पायात बूट, डोक्यावर मर्व्हचीच हॅट. दोरीला एक हिसका दिला आणि यंत्र चालू. आमच्या यंत्राला चार हिसके लागतात.

“हे चालतं?” मी ओरडलो.

“दर रविवारी चालवून बघते!” त्याही ओरडल्या.

“मग पाच वर्षं मला का कापू दिलंत?”

त्यांनी यंत्र बंद केलं. “तुला काहीतरी काम हवं होतं म्हणून, बाळा. आणि मला केक एकटीने खायला आवडत नाही.” मग पुन्हा हिसका दिला.

तपासणीवाल्या बाई आल्या तेव्हा निम्मी पट्टी झाली होती. मी पाटी दाखवून त्यांची गाडी थांबवली. त्या दिवशी थांबलेलं ते एकमेव वाहन. बाईंनी काच खाली करून आधी गवत कापणाऱ्या मिसेस टॅव्हनरकडे पाहिलं, मग रंगवलेल्या डोळ्यांच्या डब्याखाली उभ्या असलेल्या माझ्याकडे, मग रिकाम्या रस्त्याकडे. आणि लिहायला लागल्या.

अहवालाची प्रत मिसेस टॅव्हनरनी कुंपणावरून वाचून दाखवली. ‘सदर महिला शरीराने व बुद्धीने सक्षम असून एकट्या राहण्यास सर्वथा योग्य आहेत. शेजारील तरुणास मात्र दैनंदिन निर्णय घेण्यासाठी आधाराची गरज आहे.’ वाचता वाचता त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसलो. लोरेनने खोली रद्द केली.

परवाना जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात आला, तोवर उन्हाने सगळं गवत वाळून गेलं होतं. मॉरीनबाईंनी सोबत आणखी एक पत्र जोडलं होतं: एकही अपघात व एकही तक्रार न होऊ दिल्याबद्दल वर्षातला सर्वांत सुरक्षित नवउद्योग म्हणून माझी निवड झाली होती. ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलंय. त्याच्या खालच्या खिडकीतून आमची पट्टी दिसते. आमच्या पट्टीला परवाना अजून नाही, म्हणून आता पावसाळी दिवस आले की ती मिसेस टॅव्हनर कापतात. एक पट्टा नव्हे, सगळीच्या सगळी, आणि बाबा मान खाली घालून त्यांना केक नेऊन देतात.

तुम्ही हसला असाल, तर हसा. माझं मलाही हसू येतं. पण तुमच्याही शेजारी कोणी मिसेस टॅव्हनर असेलच, आणि तिचं काहीतरी काम तुमच्याकडे कधीचं अडलेलं असेल. काम दहा मिनिटांचं आहे. ती दहा मिनिटं तुम्ही आत्ताच ही गोष्ट वाचण्यात घालवलीत.