आईच्या क्रमांकावर

माझ्या माहेरी माणसांचं आपसातलं बोलणं राउटरमधून जातं. मला राउटरने पाहुण्यांत टाकलं होतं, त्यामुळे मी बोललेलं त्या घरात कुणालाच ऐकू येत नव्हतं.

यात राउटरची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. तो हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर दोन शिंगं वर करून बसलेला असतो आणि नेमून दिलेलं काम करतो. घरात जो येईल त्याला क्रमांक देतो. कोणत्या क्रमांकावर कोण, याची यादी ठेवतो. अप्पा काही बोलले की ते कुणासाठी आहे हे बघतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. बाहेरच्या जगाला मात्र आमच्या सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता माहीत आहे. बाहेरून काही आलं, तर आतल्या कुणी ते आधी मागितलं होतं का, हे तो तपासतो. मागितलेलं नसेल तर दारातच टाकून देतो. मिरजेला आमच्या कॉलनीत सगळ्यांकडे असंच आहे आणि कुणाची तक्रार नाही.

पाहुण्यांची यादी वेगळी असते. पाहुण्याला बाहेरच्या जगाशी हवं तेवढं बोलता येतं, घरातल्यांशी नाही. चोवीस तासांनी नाव आपोआप गळतं, पुन्हा लावून घ्यावं लागतं. माझा भाऊ शिरीष याने राउटर बसवला तेव्हा मी सासरी होते, म्हणून माझं नाव तिकडे गेलं. सणाला दोन दिवस यायची, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. दोन दिवस हसून मान हलवली की भागतं.

एरवी आई फोन करायची. मागणी आतून गेलेली असल्यामुळे माझं उत्तर घरात पोचायचं. ती विचारायची, "कशी आहेस?" तेवढंच मागितलेलं असायचं, तेवढंच मी द्यायची. "ठीक आहे." आई थोडं थांबायची. मग फोन ठेवून अप्पांना सांगायची, "ठीक आहे म्हणते." असं एकोणीस वर्षं चाललं. मग आई गेली.

त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्गशीर्षात, मी मोठी बॅग घेऊन माहेरी आले. या वेळी मी परत जाणार नव्हते. दिवाळीपासून मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ते कसं झालं हे मी कुणाला सांगणार नव्हते. मला घरात फक्त एक वाक्य बोलायचं होतं, "मी परत जाणार नाही." तेही अप्पांना.

पहिल्याच दिवशी जेवताना मी ते बोलले. अप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. भावजय मृणाल म्हणाली, "ताई, लाजू नका, अजून आमटी घ्या," आणि तिने वाढली. मी चिठ्ठी लिहिली, पण त्या घरात चिठ्ठीही राउटरकडूनच जाते. शिरीषने तो कोरा कागद उलटसुलट करून पाहिला आणि त्यावर गॅसवाल्याचा नंबर टिपून ठेवला. मला इतका राग आला की मी मोठ्याने ओरडले. जुई, माझी भाची, समोरच बसून गृहपाठ करत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

राउटर मात्र पाहुण्यांचंही ऐकून घेतो. वेळ सकाळी अकरा ते बारा. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"मला कायम क्रमांक हवा आहे."

"नाव?"

"वैजयंती."

"सासरचं की माहेरचं?"

"नुसतं वैजयंती."

"तसा रकाना नाही," राउटर म्हणाला. "शिवाय या घराला जागा दहा आहेत आणि दहाही भरलेल्या आहेत." मग त्याने यादी वाचली. अप्पा, प्रमिला, शिरीष, मृणाल, जुई, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, वॉशिंग मशीन, जुईचं घड्याळ, वरच्या खोलीतला एसी.

"प्रमिला म्हणजे माझी आई," मी म्हणाले. "ती आठ महिन्यांपूर्वी गेली."

"कल्पना आहे. यजमानांच्या अर्जावरून तो क्रमांक राखीव ठेवलेला आहे. राखीव क्रमांकाला हजेरीची अट नसते."

"पण तिला काही पोचत नाही."

"पोचत नाही म्हणून जपून ठेवलेलं आहे. टाकून दिलेलं नाही."

"मग वॉशिंग मशीनचा क्रमांक काढा."

"काढता येईल. पण ते त्याच क्षणी पुन्हा मागतं. आपण 'मला' म्हणेपर्यंत त्याने घेतलेला असतो. मशीनला संकोच नसतो." त्याचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. "बारा वाजले. आपलं पाहुणी म्हणून नाव आणखी चोवीस तासांसाठी लावलेलं आहे."

दुपारी अप्पांनी मला हाताने बाहेर जायची खूण केली. मी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले आणि थांबले. फोन वाजला. अप्पा घरातून बोलत होते, म्हणजे मागणी आतून होती. मी फोन उजव्या कानाला लावला.

"जेवलीस काय?"

"जेवले."

"गारठा आहे काय बाहेर?"

"आहे. अप्पा, मी परत जाणार नाही."

पलीकडे काहीच नव्हतं. त्यांनी फक्त गारठ्याचं विचारलं होतं. बाकीचं दारात पडलं असणार. मला गिरणीसमोर रडू आलं. जोंधळ्याचा डबा घेऊन आलेली एक बाई माझ्याकडे बघून बाजूला सरकली.

"तुला इथं क्रमांक मिळत नाही काय?" अप्पांनी विचारलं.

"नाही. जागा नाही."

"कुठली मोकळी होण्यासारखी आहे काय?"

"आईची."

अप्पा चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात होते. माणूस आणि नोंद यांत गोंधळ झाला, तर नोंद आधी दुरुस्त करायची, माणूस आपोआप मार्गी लागतो, असं ते नेहमी म्हणत. ते म्हणाले, "तिचं नाव मी कमी करणार नाही. पण वारसनोंद करता येईल."

दुसऱ्या दिवशी अकराला अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून राउटरसमोर उभे राहिले. आईचा मृत्यूचा दाखला, माझा जन्माचा दाखला, दोन्हींच्या प्रती, खाली सही. राउटरला हे मनापासून आवडलं असावं. अशी तरतूद असल्याचं आजवर कुणी त्याच्या नजरेला आणून दिलं नव्हतं, असं तो म्हणाला. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली. फळीला चिकटवलेल्या त्या कागदाखालून सगळे जात-येत होते. मृणालने हरकत घेतली नाही. वॉशिंग मशीननेही घेतली नाही.

ते पंधरा दिवस मी चांगले काढले. मी त्या वाक्याचा सराव करत होते. न्हाणीघरात, गच्चीवर, भाजी निवडताना, सगळ्यांच्या देखत. कुणालाच ऐकू जात नव्हतं, त्यामुळे सोय होती.

सोळाव्या दिवशी राउटरने मला बोलावलं. "नोंद मंजूर आहे. मूळ नावे जे जे येणं बाकी आहे ते वारसाला स्वीकारावं लागेल. मान्य?"

"मान्य."

"सही करा."

मी सही केली. त्याचे सगळे दिवे एकदा विझले आणि पुन्हा लागले. मग आठ महिने अडकलेलं माझ्याकडे येऊ लागलं. सगळं अप्पांचं होतं. प्रमिला, गोळी घेतली. प्रमिला, आज कढी केली होती, पण तुझ्यासारखी नाही. प्रमिला, माझा चष्मा बघितलास काय? प्रमिला, गोळी घेतली. मी हॉलच्या मध्यावर उभी राहून ऐकत होते. शेवटचं सतरा दिवसांपूर्वीचं होतं. मी आले त्या दिवशीचं.

"प्रमिला, वैजू आली आहे. मोठी बॅग आहे. तिचं काहीतरी झालंय गं. तू विचार, मला जमत नाही."

म्हणजे अप्पांना दिसलं होतं. मला एकदम हलकं वाटलं. मी त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसले आणि सराव केला होता तसं, न चुकता म्हणाले, "मी आता परत जाणार नाही. इथंच राहणार."

ते पोचलं. अप्पांच्या चेहऱ्यावर ते पोचलेलं मला दिसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं झालं, प्रमिला," ते म्हणाले. "फार उशीर केलास."

स्वयंपाकघरातून मृणालने विचारलं, "आई, चहा तुम्ही ठेवताय की मी ठेवू?" शिरीषने कपाटातून आईचा चष्मा काढून आणला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसून माझ्या हातात दिला. तो मला बरोबर लागला. जुई माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. कोपऱ्यात ठेवलेली माझी बॅग आता तिथं नव्हती.

"मी वैजू आहे," मी अप्पांना म्हणाले.

"हो," अप्पा म्हणाले. "पहिल्यापासून तुझ्यावरच गेलीय ती."

मी राउटरकडे पाहिलं. तो पाहुण्यांची यादी वाचत होता. "वैजयंती. मुदत संपली. गेली."

"न सांगताच गेली बघ," अप्पा म्हणाले. "आता तू आहेस तर फोन कर तिला. विचार."

मी फोन घेतला आणि माझा नंबर लावला. तो लागला. पलीकडून उचलला गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फोन मी डाव्या कानाला धरला आहे आणि मला स्वच्छ ऐकू येतंय. मागे कुणीतरी गेटची कडी काढत होतं. मला ती सासरची कडी चांगली ओळखीची आहे. किती वाजता वाजते तेही माहीत आहे.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"ठीक आहे," ती आवाज खाली आणून म्हणाली.

मी थोडं थांबले. ती आणखी काही बोलली असती तरी ते माझ्यापर्यंत आलं नसतं. मी तेवढंच मागितलं होतं. त्याहून जास्त कसं मागायचं, हे त्या क्रमांकावरच्या कुणाला कधी जमलेलं नव्हतं.

मी फोन ठेवला. अप्पा माझ्याकडे बघत होते.

"ठीक आहे म्हणते," मी सांगितलं.