टेंभेकर काकांचं प्रॅक्टिकल

माधव टेंभेकर यांच्यावर अन्याय झाला. गेल्या मंगळवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, मिसरोदच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, सगळ्यांदेखत. सचिव गुप्ताजींनी त्यांचा इंग्रजीचा मोफत वर्ग बंद केला. आरोप असा की काका शिकवण्याच्या नावाखाली लोकांकडून घरची भांडी घासून घेतात.

आरोप खरा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला तोंडघशी पाडायला नको.

काका पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मूळचे साताऱ्याचे, पण भोपाळमध्ये इतकी वर्षं काढली की बेरजा मराठीत करतात आणि रागावतात हिंदीत. निवृत्तीनंतर मिसरोदला फ्लॅट घेतला आणि एक वेड डोक्यात घेतलं: इंग्रजीत कुठला शब्द कुणाशेजारी बसतो. पाऊस 'हेवी', चहा 'स्ट्राँग'. अदलाबदल केली की समोरचा हसतो. असं का, याला उत्तर नाही. "कारण विचारू नका," काका म्हणतात, "सोयरीक आहे, जुळलीय. करून बघा, मग तोंडात बसते."

हे 'करून बघा' म्हणजेच त्यांचा सगळा अभ्यासक्रम. 'हेवी ट्रॅफिक' शिकवायला त्यांनी अख्खा वर्ग ऑफिसं सुटायच्या वेळी होशंगाबाद रोडच्या कडेला उभा केला. सगळे खोकत परतले, पण ती जोडी कुणी विसरलं नाही. 'कॅच अ बस'साठी सत्तरीत स्वतः पळाले. बस मिळाली, वर्ग मागे राहिला, काका पार पुढच्या गावी, मंडीदीपला पोचले. 'टेल अ लाय'च्या दिवशी प्रत्येकानं एक खोटं सांगायचं होतं. पार्लरवाली शबनम म्हणाली, "सर, आपकी क्लास बहुत बोरिंग है." काका म्हणाले, "एक्सलंट लाय," आणि दिवसभर खूष होते. 'टेक अ शॉवर' तेवढं घरी करा म्हणाले.

माझी त्यांच्याशी ओळखही अशीच झाली. पाण्याच्या टँकरसाठी मी इंग्रजीत पत्रक काढलं होतं, 'लेट अस डू अ प्रोटेस्ट'. काकांनी 'डू' खोडून 'स्टेज' लिहिलं. मी चिडले.

"काका, नळाला पाणी नाहीये आणि तुम्हाला शब्द सुचतायत?"

ते घरी गेले, घडीची खुर्ची घेऊन आले आणि दुपारभर माझ्या शेजारी गेटवर फलक धरून बसले. मागणी नेमकी कसली आहे, हे त्यांनी निघताना विचारलं.

तर, दर गुरुवारी वर्ग काकांच्या घरी भरतो. त्याला ते प्रॅक्टिकल म्हणतात. 'मेक द बेड' म्हणजे पलंग आवरा. 'डू द लॉन्ड्री' म्हणजे कपडे धुवा. 'डू द डिशेस' म्हणजे काय ते कळलंच असेल. कुणाच्या तरी सासूबाईंनी सुनेच्या हातात परक्याघरची घासणी पाहिली आणि तक्रार गेली. मंगळवारी गुप्ताजी भर वर्गात म्हणाले, "अंकल, ये इंग्लिश क्लास है कि झाडू-पोंछा सेंटर?" काही जण हसले. काकांनी खडू खिशात टाकला. "ठीक है, भैया," म्हणाले आणि घरी गेले. रागावलेसुद्धा नाहीत. मला तेच जास्त लागलं.

गुरुवारी मी निषेधाच्या पत्रकाचा मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. कपाटातली धुतलेली, चकचकीत ताटं एकेक करून काढत होते आणि त्यांना बोटांनी वरण फासत होते. वाट्यांनासुद्धा.

"काका, हे काय?"

"अगं, मी एकटा माणूस, एका ताटात जेवतो. एवढ्या लोकांना पुरतील एवढी खरकटी भांडी आणू कुठून?" मग हातातलं ताट खाली ठेवलं. "सवयीनं लागलो बघ. आज कुणी येणार नाही, हे विसरलोच."

ते विसरले होते असं मला वाटत नाही. गॅसवर पातेलंभर चहा उकळत होता.

"हे पत्रकात लिहू?"

"नको गं. गुप्ताची सूनही येते वर्गाला. कुठेतरी मुलाखत द्यायचीय तिला. गुप्ता चिडला की उगाच घरी तिला ऐकून घ्यावं लागेल."

मी बाह्या वर केल्या आणि ताटं घासायला घेतली. काका शेजारी उभे राहून पुसत होते.

काकांचं मी ऐकलेलं नाही. गुप्ताजींच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "लिखो दीदी, मेरा नाम भी लिखो." नाव मी लिहीत नाही, बाकी सगळं या पत्रकात लिहिलंय.

येत्या रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सोसायटीची सभा आहे. वर्ग कायमचा बंद करण्याचा ठराव येणार आहे. घरी बसून 'बिचारे काका' म्हणू नका. या. ठरावाच्या विरोधात हात वर करा, गुप्ताजींकडे बघत करा, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत खाली घेऊ नका.