घड्याळजींच्या डोळ्यातले ठिपके

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घड्याळजी पहिल्यांदा दाखवायला आले, तेव्हा त्यांना डॉक्टरांकडून एकच गोष्ट ऐकायची होती: उद्यापासून दुकान उघडा. चाळीस वर्षं मनगटी घड्याळांच्या पोटात डोकावलेला हा माणूस दहा दिवस घरी बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते शिकवत होता. त्यामुळे दुकान उघडण्याची घाई त्यांच्यापेक्षा काकूंनाच जास्त होती.

नंबर येईपर्यंत दोघं दवाखान्यातल्या माशांच्या टाकीसमोर बसली. टाकीत एके काळी दहा गप्पी होते, आता एक करडी मादी उरली होती आणि डॉक्टरांचा तिच्यावर फार जीव. तिला सावली हवी म्हणून रिसेप्शनवरच्या ताईंनी बहिणीच्या हौदातलं एक तरंगणारं रोप आणून पाण्यावर सोडलं. दोन महिन्यांत एकाची वीस रोपं झाली, मुळं तळापर्यंत लोंबली आणि मासा दिसेनासा झाला. ताईंनी मनातल्या मनात तिला कधीच निरोप दिला होता. डॉक्टर मात्र रोज "आमच्या बाई कशा आहेत?" विचारत, आणि ताई "मजेत" म्हणत. खोटं उघडं पडू नये म्हणून त्या रोज सकाळी मुळांवर चिमूटभर खाणंही भुरभुरत.

घड्याळजींनी टाकीकडे बघितलं आणि ते दचकले. मुळांमध्ये काहीतरी बारीक हलत होतं. ऑपरेशन झालेला डोळा झाकला की ठिपके गायब, उघडला की हजर. दुसऱ्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. त्यांनी काकूंना विचारलं. काकूंचा चष्मा पर्समध्ये होता, त्यामुळे त्यांना टाकीच जेमतेम दिसत होती. मग त्यांनी ताईंना विचारलं.

"टाकीत काही नाही हो काका," ताई घाईघाईने म्हणाल्या. "डोळ्याचंच असेल. डॉक्टरांना सांगा."

डॉक्टरांनी थेंब घातले, पडदा पाहिला, पुन्हा पाहिला. पडदा ठणठणीत होता. तरी डोळ्यापुढे ठिपके पोहतात म्हटल्यावर कोणता डॉक्टर गप्प बसेल? "आठवडाभर बारीक काम बंद," ते म्हणाले. "वाकायचं नाही, जड उचलायचं नाही."

घरी आरामात ठिपके दिसले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात टाकीसमोर बसताच ते वाढलेले होते. शिवाय मोठेही झाले होते. ठिपके वाढतात हे डॉक्टरांना माहीत होतं, पण ते बाळसं धरतात हे त्यांनी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. कपाटातलं जाड पुस्तक काढून त्यांनी मागची पुढची पानं चाळली आणि मग ते मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहायला बसले. चिठ्ठी बघून घड्याळजींचा चेहरा उतरला. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, की लोकांची घड्याळं परत करून टाकू. काकूंनी त्या दिवशी त्यांच्याकडूनच भाजी चिरून घेतली आणि एकदाही चूक काढली नाही.

मोठ्या रुग्णालयात जाण्याआधी डॉक्टरांनी एकदा शेवटचं बोलावलं. घड्याळजींनी खिशातून दुकानातलं भिंग आणलं होतं. या डोळ्याने ते पुन्हा लावता येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. समोर घड्याळ नव्हतं, म्हणून ते टाकीच्या काचेला नाक टेकून बसले.

मुळांच्या पांढऱ्या तंतूंवर हवेचे बारीक बुडबुडे चमकत होते. त्या जंगलात एक ठिपका स्थिर उभा होता. त्याला शेपटी होती. अंग इतकं पारदर्शक, की आतला कणा मोजता यावा, आणि छातीशी काहीतरी टिकटिकत होतं. त्याच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे आणखी चार. इतकं लहान आणि किल्लीशिवाय चालणारं यंत्र घड्याळजींनी जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टर दार उघडून बाहेर आले.

"डॉक्टर," घड्याळजी हळूच म्हणाले, "माझ्या ठिपक्यांना डोळे आहेत."

डॉक्टरांनी आधी त्यांची नाडी धरली. मग भिंग घेतलं आणि गुडघ्यांवर बसले. तेवढ्यात मुळं बाजूला सारत एक करडी, पोट सुटलेली मादी शांतपणे पुढे आली. इतके दिवस आपण "मजेत" म्हणत होतो ते खरंच होतं, हे ताईंना आत्ता कळत होतं.

"एकटी होती हो ती," ताई म्हणाल्या. "एकटीला पिल्लं कशी झाली?"

"पूर्वीच्या जोडीदाराचं बीज या माद्या महिनोन् महिने पोटात जपून ठेवतात," डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं." भिंगातून नजर न काढता ते पुढे म्हणाले, "आणि पिल्लं या मुळांत लपली म्हणून वाचली, नाहीतर आईनेच खाल्ली असती."

काकूंनी पर्समधून चष्मा काढून लावला आणि हात जोडले.

"किती आहेत, डॉक्टर?" घड्याळजींनी विचारलं.

डॉक्टरांनी भिंग लावून सावकाश मोजली. "नऊ."

"सतरा," घड्याळजी म्हणाले. "तुमचे डोळे कोणी तपासलेत का एवढ्यात?"

घड्याळजींनी डॉक्टरांच्या हातातून भिंग अलगद काढून घेतलं, पुसून खिशात ठेवलं आणि काकूंना उठायची खूण केली.

"आठवडाभर बारीक काम बंद," दारातून ते म्हणाले. "आणि वाकू नका. आम्ही उद्यापासून दुकानात आहोत."