इंदुमतीबाईंच्या हाताची व रणधीररावांच्या पुलाची बखर

श्री. विघ्न हरण करणारा जो देव त्यास दंडवत. आणि जी विघ्ने माणूसच माणसाचे घरी हसतमुखे पोहोचवितो, ती लिहावयास बळ दे, ऐसे मागोन लिहितो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सर, वैशाखमास. त्या वर्षी एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याची आम्हांस लाज वाटते, जे वर्तले ते येणेप्रमाणे. बखरकार धन्याची आज्ञा जाहली म्हणोन लिहितात. आम्हांस कोणाची आज्ञा नाही. आम्हांस राग आला, म्हणोन लिहितो.

त्या राज्यातील एका कसब्यात वामनराव खरमाटे म्हणोन चित्रकलेचे मास्तर राहात असत. त्यांची पत्नी इंदुमतीबाई, आणि शिवणात बाईंचा हात ऐसा की, लग्नघरची माणसे कार्यालय ठरविण्याआधी बाईंस सवड आहे की नाही हे पुसावयास येत. कन्या गार्गी, शाळेत जाणारी. मास्तरांस यंत्रांचा मोठा नाद. त्या काळी क्रिप्टो म्हणोन आकड्यांचे नाणे निघाले होते. ते टांकसाळीत पडत नसे. संगणकांनी अवघड गणित सोडवावे आणि ज्याचे उत्तर आधी जुळेल त्यास नवे नाणे मिळावे, ऐसी त्याची रीत, आणि या उद्योगास मायनिंग, म्हणजे खाणकाम, म्हणत. मग मास्तरांनी जुने संगणक जमविले, आणि हे गणित झपाट्याने करणारी ग्राफिक्स कार्डे वापरलेली आणिली, आणि लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करोन त्यावर ती मांडिली, आणि लिनक्स म्हणोन जी कोणासही फुकट मिळणारी व आतून उघडोन पाहता येणारी, संगणक चालविणारी प्रणाली, ती स्वहस्ते बसविली. बिघडली ती पुसोन पुन्हा बसविली. पंखे फिरो लागले तेव्हां मास्तरांस जो आनंद जाहला तो काय वर्णावा! बाईंस बोलावोन बोलिले, "अगं, ये, बघ. यात काय चाललंय ते सगळं मला दिसतं. झाकलेलं काही नाही." बाई बोलिल्या, "दिसतंय ते चांगलंच. पण माझ्या शिवणाच्या खोलीत भट्टी लावलीत, तेवढी खिडकीची जाळी काढून द्या." मास्तरांनी जाळी काढिली आणि खाणकाम चालो लागले. परंतु घरचे यंत्र ते केवढे! जगात मोठमोठ्या फौजा हेच गणित करीत बसलेल्या, त्यांपुढे मास्तरांचा सांगाडा म्हणजे एकला शिपाई. नाणे काही हातास येईना. तेव्हां लहानांनी एकत्र यावे, सर्वांनी मिळोन गणित करावे आणि ज्याने जितके काम केले त्यास तितका वाटा मिळावा, ऐसी सोय असते, तीस पूल म्हणतात. नदीवरचा पूल तो निराळा. हा बहुत जणांचे कष्ट एके ठायी साठविणारा.

त्या कसब्यात पुलाचे धनी रणधीरराव मोहोळकर. चौकात त्यांचे संगणकाचे दुकान, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि भेटेल त्यास खांद्यावर हात टाकोन चालण्याची सवय. मास्तर पुलात यावयास गेले, तो रणधीररावांनी चहा मागविला आणि बोलिले, "मास्तर, तुमच्यासारखा माणूस आपल्यात हवाच होता. पण हे लिनक्स तुम्ही स्वतः बसवलंय? कशाला डोकं शिणवता? ही घ्या आपली तयार प्रणाली. पेनड्राइव्ह लावा आणि विसरून जा. सगळा पूल हीच वापरतो." मास्तर घरी आले आणि आपण बसविलेले पुसावयास बसले. इंदुमतीबाई काज करीत होत्या, त्या मान वर करोन बोलिल्या, "अहो, परवा म्हणालात, सगळं दिसतं. मग यांच्यातलं दिसणार आहे का तुम्हाला?" मास्तर बोलिले, "तुला यातलं काही कळत नाही." ऐसे बोलोन आपले लिनक्स पुसोन टाकिले आणि रणधीररावांची प्रणाली बसविली. या बोलण्याबद्दल आम्हांस मास्तरांचाही राग आहे, आणि तो येथेच नोंदवोन पुढे जातो.

आरंभी पडद्यावर कामाचा आकडा किंचित चढला, आणि मास्तरांनी तो सर्वांस दाखविला. मग पंखे पूर्वीहोन मोठ्याने गर्जो लागले, आणि विजेचे बिल ऐसे आले की मास्तरांनी ते बाईंस न दाखविता भरिले, आणि एक कार्ड मरोन पडले. मास्तर ते कार्ड घेवोन दुकानी गेले. रणधीरराव बोलिले, "मास्तर, घरचं वायरिंग जुनं असेल. दोष आपल्या घरात असतो आणि माणसं पुलाला नावं ठेवतात." गिऱ्हाइके हसली. मास्तर खाली मान घालोन परत आले. दोष आपलाच ऐसे ज्यास एकदा वाटले, त्यास लुटावयास कष्ट ते कसले?

मग वैशाखात गार्गीस ताप भरला. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत ऊन तापे, म्हणोन मुलीस शिवणाच्या खोलीत निजविले. दुपारी ताप चढला आणि मुलगी ग्लानीत बडबडो लागली. बाई बोलिल्या, "अहो, आधी ती यंत्रं बंद करा. पोर भाजून निघतेय." मास्तरांनी तत्काळ आज्ञा टंकिली आणि पडद्यावर 'काम थांबले' ऐसे उमटले. बाई पुसती जाहल्या, "मग पंखे का फिरताहेत?" मास्तर बोलिले, "निवताहेत. थोडा वेळ लागतो." बाई कपाळावर पट्ट्या ठेवीत बसल्या. बहुत वेळ गेला, परी पंखे थांबेनात. बाईंनी जवळ जावोन सांगाड्यापुढे हात धरिला तो आगीसारखी झळ. "हे निवत नाहीये! हे काहीतरी करतंय!" ऐसे त्या ओरडल्या, आणि तोच भिंतीतील प्लगातून धूर निघाला, आणि वितळल्या प्लास्टिकचा वास सुटला, आणि जवळच ब्लाउजांची कापडे रचलेली, आणि त्यापलीकडे मुलीची खाट. मास्तर मुख्य बटणाकडे धावले. बटण पुढच्या खोलीत. ते पोहोचेपर्यंत बाईंनी उजव्या हाताने प्लग धरोन उपटिला. प्लग वितळला होता. तो बोटांस चिकटला, आणि बाईंनी तो तैसाच ओढोन दूर फेकिला, आणि मग खाली बसल्या. मुलगी वाचली. कापडास आग लागली नाही. परंतु तळवा आणि दोन बोटे अस्थीपर्यंत पोळली. वैद्यांनी पाहोन सांगितले की जखम भरेल, परंतु तर्जनी आणि मधले बोट पूर्ववत वाकणार नाहीत. बाईंनी पुसिले, "सुई धरता येईल?" वैद्य औषधाची चिठ्ठी लिहो लागले.

मास्तर घरी आले आणि जेवले नाहीत. सकाळ होताच जुना पेनड्राइव्ह, ज्यात त्यांचे स्वतःचे लिनक्स होते, तो काढिला, आणि त्यावरून एक संगणक चालू करोन रणधीररावांच्या प्रणालीची डिस्क उघडोन पाहो लागले. घड्याळाची वेळ जुळविणारा जो लहानसा प्रोग्राम असतो, त्याचे नाव घेवोन तेथे दुसराच कोणी बसलेला. तो यंत्राचे काम चोरोन रणधीररावांच्या खासगी खात्यात घाली. तो कोणास दिसो नये म्हणोन कामांची यादी दाखविणारी आज्ञाच बदललेली. आणि चोरीमुळे पडद्यावरचा आकडा घटो नये म्हणोन कार्डांची विजेची मर्यादा काढोन टाकिलेली. ज्या मर्यादेमुळे तारा तापत नसत, तीच! आणि धनी थांब म्हणाला तरी हा थांबत नसे. मास्तरांनी हे बाईंस समजावोन सांगितले. सांगता सांगता रडो लागले. बाई बोलिल्या, "रडू नका. त्याने माझा हात बरा होत नाही. मी तेव्हा विचारलं होतं, तेव्हा ऐकायचं होतं." मग बोलिल्या, "बाकीच्यांच्या घरीही हेच आहे ना?" मास्तर बोलिले, "सगळ्यांच्या." बाई उठल्या आणि बोलिल्या, "मग चला."

प्रथम चौकीवर गेले. तेथील अंमलदार सर्व ऐकोन बोलिला, "चोरीला काय गेलं? यंत्र घरात, कार्ड घरात, लिनक्स का काय ते घरात. मग लिहू काय?" बाईंनी पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेविला आणि बोलिल्या, "हा लिहा." अंमलदार बोलिला, "हा अपघात झाला, बाई." यावर काय लिहावे! राज्यात अंमलदार असावा तो रयतेसाठी, आणि येथे रयतेनेच त्यास गुन्ह्याचा शब्द शोधोन द्यावा, ऐसा काळ आला.

त्याच आठवड्यात कसब्यातील व्यापाऱ्यांनी रणधीररावांचा सत्कार योजिला होता. मंगल कार्यालय भरले, शाल आणिली, जेवणाचा बेत जाहला. पुलातील यच्चयावत लोक आले. त्यांत सायकलवाले गफूरभाई. त्यांचीही दोन कार्डे मेली होती, आणि त्यांनीही आपलेच वायरिंग वाईट ऐसे मानोन भिंती फोडिल्या होत्या. मास्तरांनी त्यांस आधी गाठोन सर्व सांगितले. गफूरभाई एवढेच बोलिले, "माझं मशीन घेऊन येतो." आणि हातगाडीवर घालोन आणिले. भाषणे चालली असता गफूरभाईंनी व मास्तरांनी सांगाडा व्यासपीठावर चढविला आणि जोडणी करोन काम चालू केले. लोकांस वाटले, सत्काराचाच भाग. तेव्हां इंदुमतीबाई वर गेल्या आणि बोलिल्या, "रणधीरभाऊ, हे यंत्र तुमच्या प्रणालीवर चालतंय. तुम्हीच बंद करून दाखवा." रणधीररावांचा चेहरा उतरला. "वहिनी, ही वेळ आहे का?" "हीच आहे. करा बंद." ते जागचे हलेनात. मग गफूरभाईंनी स्वतः आज्ञा टंकिली आणि पडद्यावर 'काम थांबले' ऐसे मोठे उमटले, आणि पंखे तैसेच गर्जत राहिले. बाई बोलिल्या, "मालक थांब म्हणतोय आणि हे थांबत नाही. कुणाचं काम करतंय हे? सांगा की. माझी पोर तापाने फणफणली होती तेव्हा हे कुणासाठी फिरत होतं?" रणधीरराव चिडोन बोलिले, "ती माझी सेवा आहे! फुकट का देऊ? मी नसतो तर इथं कुणाला पूल म्हणजे काय ते तरी माहीत होतं का?" गफूरभाई बोलिले, "मागून घ्यायचं होतं. तोंडावर मागितलं असतं तर दिलं असतं आम्ही."

येथे सर्व सभा उठली असती, शाल फाटली असती, ऐसे लिहावयास आम्हांस आवडते. परंतु वर्तले ते ऐसे की, मागील रांगेतून एक जण बोलिला, "जाऊ द्या हो, सगळेच थोडंफार घेतात." दुसरा बोलिला, "पानं वाढलीत, गार होतील." आणि अर्धे लोक उठोन जेवावयास गेले. आपल्याच घरात पोसलेला चोर डोळ्यांदेखत गर्जत असता हे लोक बासुंदीच्या वाटीपुढे बसले! धिक्कार असो. उरलेल्या अर्ध्यांनी मात्र घरी जावोन प्लग उपटिले.

दुसरे दिवशी रणधीरराव नवे कार्ड खोक्यात घालोन मास्तरांचे घरी आले आणि बोलिले, "वहिनी, झालं गेलं. हे ठेवा. तुम्ही पुलात राहिलात तर बाकीचेही राहतील." बाईंनी खोके घेतले नाही. बसाही म्हणाल्या नाहीत. शिवणयंत्रावर एक पोलके अर्धे शिवोन पडले होते. ते उचलोन त्यांनी रणधीररावांपुढे धरिले, आणि डाव्या हाताने सुईदोरा दिला, आणि बोलिल्या, "हे उद्या द्यायचंय. पुरं करा आणि मग बोला." रणधीरराव सुई हाती घेवोन उभे राहिले. दोरा ओवता येईना. मग सुई खाली ठेविली, खोके उचलिले आणि निघोन गेले.

त्यानंतर जे जाहले ते थोडक्यात. रणधीररावांनी दुकान बंद केले नाही. दुसऱ्या कसब्यात दुसऱ्या नावाने पूल मांडिला आणि जेवलेले लोक त्यात गेले. गफूरभाई आणि आणिक काही घरे यांनी दूरच्या एका मोठ्या पुलाशी आपले काम जोडिले, जेथे पुलाचा हिस्सा प्रत्येकास आधीच सांगितलेला असे. त्यांच्या घरोघरी जावोन मास्तरांनी लिनक्स बसवोन दिले नाही. ज्याचे यंत्र त्याच्याच हातून बसविले, आणि प्रत्येकास आधी थांबवावे कैसे ते शिकविले. स्वतःच्या घरी मात्र सांगाडा पुन्हा उभा केला नाही. बाईंनी तैसे सांगितले नव्हते. मास्तरांस पुसण्याचे धैर्य जाहले नाही. गार्गी बरी जाहली. इंदुमतीबाई आता कापड बेततात आणि शिवण शेजारच्या मुली करितात, आणि टाका वाकडा पडला तर बाई उसवोन पुन्हा घालावयास लावितात.

येणेप्रमाणे हकीकत. अखेरीस सर्व शांत जाहले, मने निवली, राज्यात सुख नांदले, ऐसे लिहावयाची बखरीची रीत आहे. बाईंस आम्ही खासा जावोन पुसिले की, ऐसे लिहावे काय? बाई बोलिल्या, "नाही." म्हणोन लिहिले नाही.