रावसाहेबांचं बिऱ्हाड

न्हाणीघरातल्या आरशामागे बेडूक दिसला, तेव्हा केरसुणी घ्यायची आणि त्याला बाहेर काढायचं, इतकं साधं काम होतं. मी केरसुणी घेतलीही. पण बेडकाने डोळे उघडून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी ती खाली ठेवली आणि म्हटलं, राहू दे बिचारा. (माझे बरेच निर्णय ‘राहू दे बिचारा’ म्हणूनच झालेले आहेत. लग्नाचासुद्धा.)

साल बाहत्तर. आषाढ सरत आला तरी आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. भिंगारच्या विहिरींनी तळ दाखवला होता आणि नळाला करंगळीएवढी धार, तीही एक दिवसाआड. अशा दिवसांत कुणीतरी थंडाव्याला म्हणून माझ्या घरी आलं, याचा मला कोण आनंद झाला. डबक्यातल्या बेडकांसारखा तो नव्हताच. सडपातळ, मातकट रंगाचा, बोटांच्या टोकांना गोल गोल टिकल्या. त्या टिकल्यांच्या जोरावर तो भिंतीला पालीसारखा चिकटायचा. हा झाडावरचा बेडूक, असं ह्यांनी सांगितलं. हे मिलिटरीच्या कचेरीत क्लार्क. दिवसभर तो डोळे मिटून जागचा हलला नाही, तेव्हा नावही ह्यांनीच ठेवलं. म्हणाले, ‘‘अगं, हे तर आमचे रावसाहेब.’’ (रावसाहेब म्हणजे ह्यांचे हेडक्लार्क.)

आता रावसाहेबांना आरशामागे कसं ठेवायचं? माझ्या माहेरून आलेलं दुधाचं जाळीचं कपाट होतं. त्यातली दूध-दह्याची भांडी मी पाण्याच्या परातीत नेऊन ठेवली, खालच्या फळीवर मोगऱ्याची कुंडी ठेवली, वर पेरूची फांदी आडवी अडकवली, करवंटीत पाणी भरलं. मोगऱ्यासाठी तांदूळ धुतलेलं पाणी राखून ठेवू लागले. ह्यांनी एकदा हात धुवायला ते घेतलं, तर मी इतकी रागावले की हे दोन दिवस धोतराला हात पुसत होते.

जेवणाचा प्रश्न अवघड निघाला. पहिल्या दिवशी मी दूधभात दिला. रावसाहेब त्यात जाऊन बसले. मग कळलं की त्यांना जिवंत किडे लागतात. आमच्या घरात कधी अंडं आलेलं नाही, त्यात चातुर्मास लागलेला. मी देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, खाणारा तो आहे, मी नुसती वाढते. संध्याकाळी दिव्याखाली फडकं धरून पाखरं पकडू लागले. पूर्वी झुरळ दिसलं की मी पाटावर चढत असे. आता शेजारणींना सांगून ठेवलं की मारू नका, माझ्याकडे पाठवा.

दिवसा रावसाहेब दिसायचेच नाहीत. कुंडीला मागून असे चिकटायचे की मातीचाच ठिपका वाटावा. पण दिवेलागणीला फांदीवर येऊन ते पाखराकडे जीभ फेकायचे, तेव्हा आम्ही दोघं कपाटासमोर मांडी घालून बसायचो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकत्र बसून काही पाहिलं असेल, तर ते हेच.

झुरळांचं ते आमंत्रणच मला भोवलं. मागच्या खोलीतली साळूबाई डबीतून झुरळ घेऊन आली आणि कपाटाकडे बघतच राहिली. ती जामखेडकडची. तिच्या भावाचं बाजरीचं बियाणं पावसावाचून घरात पडून होतं, म्हणून तिने आळीतून धोंडी काढायची ठरवली होती. पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडे एकाच्या अंगाला कडुनिंब गुंडाळून त्याला धोंडी करतात, मुसळाला बेडूक बांधतात आणि घरोघर त्यांच्यावर पाणी ओततात. सगळी तयारी झाली होती. अडलं होतं बेडकावर. सुकलेल्या ओढ्यात बेडूक कुठून मिळायचा?

‘‘वैनी, ह्यो बेडूक द्या,’’ साळूबाई म्हणाली.

माझ्या हातातली डबी पडली, झुरळ पळालं. मी म्हटलं, हा झाडावरचा आहे, ह्याचा पावसाशी काय संबंध?

‘‘पावसाला काय कळतंय, वैनी? त्यो वरून बघतोय. वरून समदे बेडूक सारखेच.’’

मुसळाला उलटे टांगलेले रावसाहेब माझ्या डोळ्यांपुढे आले. नाही म्हणावं, तर तिच्या भावाचं बियाणं डोळ्यांपुढे येई. शेवटी मीच तोडगा काढला. बेडूक बांधायचा नाही. तो आपल्या घरात बसून येईल. म्हणजे कपाटच मिरवायचं. साळूबाईने गालावर हात ठेवला, पण दुसरा बेडूक तिला मिळणार नव्हता.

धोंडीच्या दिवशी सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. देवाचं काम म्हणून कपाट पुसायला घेतलं, तेवढ्यापुरती कुंडी न्हाणीघरात नेली, पुन्हा आत ठेवली, जाळीला हळदकुंकू लावलं, वर तोरण बांधलं. पुढे कडुनिंबात गुंडाळलेला छगन, म्हणजे साळूबाईचा नवरा, मागे हे. दोघांच्या खांद्यांवर दोन बांबू आणि बांबूंवर कपाट. हे टोपी डोळ्यांवर ओढून चालत होते, कारण वाटेत खरे रावसाहेब राहत होते.

घरोघर छगनवर पाणी पडत होतं (टंचाईमुळे तांब्याचं फुलपात्र झालं होतं), बाया कपाटाच्या पाया पडत होत्या आणि मी ‘हळू, ते झोपलेत’ असं सांगत शेजारून मिरवत होते. खऱ्या रावसाहेबांच्या दारात मात्र त्यांच्या पत्नीने हट्ट धरला की कुंकू बेडकालाच लावणार. त्यांनी कपाट उघडलं. रावसाहेबही चष्मा लावून वाकले.

आत कुंडी, फांदी, करवंटी. कुंडी फिरवून झाली. फांदी झटकून झाली.

‘‘कोण झोपलंय म्हणालात?’’ रावसाहेबांनी विचारलं.

‘‘रावसाहेब,’’ हे कपाटामागून म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

पुढचं मी ऐकलंच नाही. वाटेत कुठे पडला असेल, कुणाच्या पायाखाली आला असेल, या विचाराने मी पदर खोचला आणि रस्त्यावर नजर ठेवून मागे धावत सुटले. माझ्यामागे साळूबाई, तिच्यामागे निथळणारा छगन आणि सगळी आळी. रस्त्यावर काही नव्हतं. तशीच न्हाणीघरात शिरले.

आरशामागे, पहिल्या दिवसाच्याच जागी, ते डोळे मिटून बसले होते. सकाळी कुंडीला चिकटून ते न्हाणीघरात आले, आणि मी कुंडी परत नेली तेव्हा भिंतीवरच राहिले. माझ्या माहेरचं कपाट त्यांना कधी नकोच होतं.

मला रडू फुटलं. मी त्यांना दोन्ही हातांनी उचललं, तोंडासमोर धरलं आणि म्हटलं, ‘‘असं न सांगता राहतात का हो मागे?’’ दारात सगळी आळी मान उंच करून बघत होती.

रावसाहेबांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि घाबरलेला बेडूक जे करतो ते केलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत मी भिजले. (एवढासा जीव. एवढं पाणी ठेवतो कुठे?)

साळूबाई पुढे आली. तिने माझं तोंड नीट न्याहाळलं, दारातून आभाळाकडे पाहिलं आणि छगनला म्हणाली, ‘‘सोडा अंगावरचा पाला. धोंडी पावली.’’

मग जाता जाता, जरा खट्टू होऊन, ‘‘जामखेड ऱ्हायलं. पर वैनीपुरता पाऊस झाला.’’