अर्वा आटली त्याची गोष्ट

निदालने जिराफ घरी आणला तेव्हा त्याच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

जिराफ कागदाचा होता. खुरांपासून शिंगांपर्यंत सेंटीमीटरच्या खुणा. भिंतीला चिकटवायचा आणि पोरांना त्याला पाठ लावून उभं करायचं. अम्मानच्या खालच्या बाजारातल्या दुकानदाराने हमी दिली होती, "पुसता येतो, टिकतो आणि खोटं बोलत नाही." (यातली तिसरी गोष्ट खरी निघाली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.)

तोवर या घरात उंची मोजण्याचं काम निदालच्या वडिलांकडे होतं. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून ते सिगारेट ओढत बसत, कारण रुला, म्हणजे निदालची बायको, दुसऱ्या कुठल्याच खोलीत त्यांना सिगारेट पेटवू देत नसे. जाता-येता जे नातवंड सापडेल त्याला धरायचं, दाराच्या चौकटीला टेकवायचं, डोक्यावर सिगारेटचं पाकीट आडवं ठेवायचं आणि पेन्सिलीने रेघ ओढायची. आधी निदालच्या पुतण्यांच्या रेघा होत्या, नंतर त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या, अर्वाच्या. गेल्या शरदात वडील गेले. त्यानंतर त्या चौकटीशी कुणी उभं राहिलं नाही. रुला चौकट पुसायची ती रेघा सोडून. आणि निदालने जिराफ आणला.

तो जमीनमोजणी कार्यालयात कारकून होता. स्वतः काही मोजत नसे. दुसऱ्यांनी मोजलेल्यावर शिक्का मारत असे. पण वीस वर्षं शिक्के मारले की माणसाला सगळं आपणच मोजलंय असं वाटू लागतं. जिराफ बैठकीच्या खोलीत लावताना त्याने टेप फरशीला टेकवली, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं. रुलाला तर सांगितलंच, "या घरात यापुढे अंदाजपंचे कारभार चालणार नाही."

डिसेंबरात, बाहेर बोचरा वारा आणि आत रॉकेलच्या शेगडीवर केटली, अशा संध्याकाळी अर्वाला उभं केलं. एकशे एकेचाळीस! अकरा वर्षांच्या अर्वाने उडीच मारली. शाळेच्या बास्केटबॉल संघात पुढच्या वर्षी घ्यायचं तर एकशे चाळीस हवे होते, आणि तिला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. झोपतानाही चेंडू कुशीत असे.

"माझ्यावर गेलीय," निदाल म्हणाला.

रुलाला ठसका लागला. निदाल स्वतःची उंची एकशे सत्तर सांगत असे. लग्नाच्या फोटोत तो पायरीवर उभा आहे आणि रुला खाली. तरी दोघांचे खांदे जेमतेम बरोबरीला आलेत.

मग मे आला. कोवळे हिरवे बदाम मिठाला लावून खायचे दिवस. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी निदालने, नुसती खात्री म्हणून, अर्वाला पुन्हा जिराफापाशी बोलावलं.

"ये बाबा, टाच टेक." (तिकडे बाप मुलीलाही लाडाने बाबाच म्हणतो.)

"टेकलीय."

"पाठ सरळ कर."

"सरळच आहे."

"मान वर."

"बाबा, याच्यापुढे मान वर केली तर छत दिसेल!"

एकशे एकोणचाळीस. निदालने चष्मा पुसला. जिराफ पुसला. जिराफ एकशे एकोणचाळीसच म्हणत होता.

अर्वाने वळून आकडा पाहिला. "म्हणजे मला उद्या घेणार नाहीत?"

निदालने फोन उचलला. काही अडलं की तो थोरल्या बहिणीला, नवालला, फोन करत असे. आणि फोनवर जरा जास्तच बोलत असे.

"ताई, अर्वा आटली!"

"दूध आटतं रे. मुलगी कशी आटेल?"

"दोन सेंटीमीटरने आटली. माझ्या डोळ्यांदेखत."

मग नवाल खालच्या आवाजात म्हणाली, "तिला कुणी ओलांडलं होतं का?"

झालं. पोर आडवं पडलेलं असताना कुणी त्याच्यावरून ओलांडून गेलं आणि तस्संच परत ओलांडून आलं नाही, तर पोराची वाढ खुंटते, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक असतं. निदाल शिकलेला होता, त्यामुळे त्याचा यावर मुळीच विश्वास नव्हता. तो फक्त आठवू लागला. ईदच्या दिवशी अर्वा टीव्हीसमोर पालथी पडली होती, आणि बकलाव्याच्या ताटाकडे जाताना तिला ओलांडलं होतं ते साक्षात नवालच्या नवऱ्याने, अबू सैफने.

"तुझ्याच नवऱ्याने!"

"मग मी त्याला घेऊनच येते," नवाल म्हणाली. "त्याने खुंटवलंय, तोच मोकळं करेल."

अबू सैफ आला. माणूस उंच, पण उंचीपेक्षा घेर जास्त. "अबू अर्वा," तो निदालला, म्हणजे अर्वाच्या बापाला, म्हणाला, "मी चहाला आलोय की शिक्षा भोगायला?"

"आधी उलटं ओलांडा. मग चहा."

"ज्या बाजूने गेला होतात, त्याच्या उलट बाजूने," नवालने बजावलं. "आणि तोच पाय."

"ईदला कुठला पाय उचलला ते माझ्या लक्षात असतं तर मी आज मंत्री असतो!"

अर्वा जमिनीवर आडवी झाली. तिचा चेहरा असा, जणू डॉक्टर सुई घेऊन उभे आहेत. "अम्मो, माझ्यावर पडू नका हं." (तिकडे काकाला अम्मो म्हणतात.)

रुला दारात हात पुसत उभी होती. "खाली गुळगुळीत फरशी आहे," ती म्हणाली, "आणि अबू सैफच्या पायात मोजे आहेत." तिचं कुणी ऐकलं नाही.

अबू सैफने अल्लाचं नाव घेतलं, पाय उचलला, अर्वाला व्यवस्थित ओलांडलं, आणि पलीकडे पाय टेकताच तो मोज्यांवरून जो घसरला तो थेट भिंतीकडे. आधाराला हाताशी होता फक्त जिराफ. त्याने जिराफाची मान गच्च धरली. जिराफ दुकानदाराने सांगितल्याइतका टिकाऊ नव्हता. अबू सैफ खाली बसला तेव्हा मान त्याच्या मुठीत होती.

"आता वाढेल," तो धापा टाकत म्हणाला. "चहा कुठाय?"

अर्वा मात्र उठून रडू लागली. मोजायचं साधनही गेलं होतं, आणि उद्या चाचणी होती. निदालने तिचे डोळे पुसले, आणि दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. चौकटीशी उभं केलं. सिगारेटचं पाकीट घरात नव्हतं. त्याने काड्यापेटी घेतली. वडिलांनी गेल्या उन्हाळ्यात ओढलेली रेघ होती, बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात 'अर्वा'. काड्यापेटी त्या रेघेच्या दोन बोटं वर टेकली.

"वाढलीय!" निदाल ओरडला. "वर्षभरात दोन बोटं! मग जिराफ—"

"डिसेंबरात ती कशावर उभी होती?" रुलाने विचारलं.

"पायांवर."

"आणि पाय?"

निदालने बैठकीत पाहिलं. उघडी, थंड, चकचकीत फरशी. हिवाळाभर तिथे जाड लोकरी गालिचा होता, त्याच्याखाली लोकरीच्या नमद्याचा जाड थर. एप्रिलमध्ये रुलाने गालिचे धुवायला काढले तेव्हा ओला, मढ्यासारखा जड गालिचा गच्चीवर वाहून नेणारा हमाल दुसरा कुणी नव्हता. तो निदालच होता. आठवडाभर कंबर धरून तो सगळ्यांना ते सांगत हिंडला होता.

"मग अब्बांच्या रेघा कशा बरोबर?"

"स्वयंपाकघरात कुणी गालिचा घालतं का?" रुला म्हणाली. "आणि पायाखालचं काढून घेतलं की कुणीही आटतं, निदाल."

"पण मग मी खरंच एकशे एकोणचाळीस आहे," अर्वा म्हणाली. अबू सैफने तिला चहातलं बिस्किट दिलं.

दुसऱ्या दिवशी निदाल रजा टाकून शाळेत गेला. रस्ताभर त्याने एक भाषण पाठ केलं होतं: मोजमाप, माणुसकी आणि एक सेंटीमीटर. त्याने तोंड उघडायच्या आत खेळाच्या सिहाम मिसने अर्वाला उंचीच्या खुणा केलेल्या खांबाशी ओढलं.

"बूट काढू?" अर्वाने बारीक आवाजात विचारलं.

"का? अनवाणी खेळणार आहेस? राहू देत." मिसने पाहिलं. "एकशे एकेचाळीस. चल, चेंडू घे."

अर्वाने सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी किंकाळी मारली. निदालचं भाषण तसंच पोटात राहिलं.

घरी आल्यावर अर्वा जमिनीपासून दोन वीत वर चालत होती. रुलाने जिराफाच्या मानेला चिकटपट्टी लावली होती, पण अर्वाने तिकडे पाहिलंही नाही. मोजायची टेप घेऊन ती स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी बसली आणि एकेक रेघ तपासू लागली. सगळ्यात वर एक रेघ होती. 'निदाल, १७०. लग्नाआधी.'

"बाबा, ही रेघ एकशे सहासष्टवर आहे."

"टेप नीट धर."

"धरलीय. आजोबांनी आकडा चुकवला."

"चुकवला नाही," रुला म्हणाली. ती मागेच उभी होती. "लग्न ठरलं तेव्हा मला हळूच म्हणाले होते, पोरी, चार सेंटीमीटर माझ्याकडून आहेर समज. कुणाला सांगू नकोस. इतकी वर्षं नाही सांगितलं."

निदाल त्या रेघेकडे बघत राहिला. आकडा ठसठशीत होता. पेन्सिल जरा दाबूनच धरलेली दिसत होती. त्याने नाक पुसलं, घसा साफ केला, आणि मग शेवटी जे बोलायचं तेच बोलला.

"उन्हाळ्याचं मोजमाप धरायचं नसतं. हिवाळ्यात मी सहज एकशे एकोणसत्तर भरतो. थांबा, दाखवतोच."

गालिचा डांबरगोळ्या घालून, गुंडाळून कपाटावर ठेवला होता. निदाल कपाटापाशी गेला. हात वर केले. टाचा उचलल्या. एक लहानशी उडीही मारून पाहिली.

मग अर्वाने आत तोंड करून हाक मारली, "आई, जरा ये गं! बाबांचा हात पोचत नाहीये!"