ठिगळ कोणाचं ऐकतो

वस्तू योग्य माणसाच्या हाती सोपवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. बाबा गेल्यावर त्यांचं शिवणाचं दुकान मी बघता बघता रिकामं केलं. दोन्ही मशिनं गेली, तागे गेले, आरसा गेला, बटणांच्या बरण्यासुद्धा गेल्या. उरला ठिगळ. म्हटलं, हा तर शनिवारी दुपारच्या आत जाईल.

ठिगळ म्हणजे बाबांचा कुत्रा. वयाने पोक्त. जातीबद्दल कोणी पैज लावू नये. कान एकाचे, शेपूट दुसऱ्याचं आणि चेहरा निवृत्त हेडमास्तरांचा. प्राण्यांच्या निवाऱ्यातून त्याला दोन घरांनी नेलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं. मग बाबांनी नेला आणि तिथल्या बाईंना सांगून आले, "आता हा परत यायचा नाही." तो शब्द आता माझ्या गळ्यात आला होता. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, मी दिवसभर ऑफिसात. सोमवारी दुकानाची किल्ली मालकाला द्यायची होती. तोवर सोय झाली नाही, तर पुन्हा तोच निवारा.

कुत्रा मात्र अतिशय शिस्तीचा. बाबांच्या ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे बोलायची सोय नाही. बोटात सुईपासून वाचवणारं अंगुस्तान असायचं, तेच ते कापायच्या टेबलावर वाजवायचे. एकदा टक म्हणजे ये. दोनदा म्हणजे बस. ठिगळ हे लगेच शिकला. लहानपणी मला याहून जास्त वेळ लागला होता, असं बाबा गिऱ्हाइकांना आवर्जून सांगायचे.

शनिवारी सकाळी पहिले आले निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी. दुकानात आता फक्त खुर्च्या, ते टेबल आणि शेजारी पुतळा उरला होता. पुतळ्याला डोकं नाही, अंगात अर्धवट शिवलेला कोट, एकच बाही, छातीवर खडूच्या रेघा. मी टेबलाला टेकून उभी राहिले आणि ठिगळचे गुण सांगू लागले. त्याने बाईंच्या मांडीवर हनुवटी ठेवली, त्यांचे डोळे भरून आले. जमलं.

तेवढ्यात ठिगळने कान टवकारले. बाईंची मांडी सोडून तो सरळ पुतळ्यापाशी आला. क्षणभर थांबला. मग सावकाश खाली बसला आणि कॉलरच्या वर, जिथे डोकं असायला हवं होतं तिथे, मान उंचावून बघत राहिला. शेपूट जमिनीवर हळूहळू फिरत होतं.

"तो कोणाकडे बघतोय?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, कोणाकडेच नाही. हे उत्तर द्यायला नको होतं. दोघंही चहा न घेता गेले.

दुपारी व्यायामशाळेचे मास्तर आले. दार उघडताना बाजूला सरकावं लागलं, एवढा माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. पट्टा धरून दारापर्यंत गेलेही. ठिगळ थांबला, वळला आणि त्या अवाढव्य माणसाला मी उभी होते त्या टेबलापर्यंत ओढत घेऊन आला. मग पुतळ्यासमोर बसला. मास्तरांनी पट्टा माझ्या हातात दिला, अगदी हळू, झोपलेलं मूल द्यावं तसा, आणि कोटाकडे पाठ न करता बाहेर पडले.

शेजारच्या काकूंना हे सगळं कळायला वेळ लागला नाही. त्या आल्या आणि माझ्याशी नाही, पुतळ्याशी बोलल्या. "टेलर, सोडा आता त्याला. पोरीच्या जिवाला घोर लावू नका." एवढं बोलून कोटावरचा एक धागा काढून टाकला आणि गेल्या. खरं सांगते, पुतळा काही म्हणतोय का, म्हणून मी थोडी थांबले होते.

संध्याकाळी दादाला फोन केला. फोन टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "आधी ती टकटक बंद कर ना. बाबा बोलावतायत असं वाटतं."

मी खाली बघितलं. माझी अंगठी टेबलावर वाजत होती. टक. थोड्या वेळाने टक टक. आणि ठिगळ माझ्या पायाशी, आज्ञाधारकपणे बसलेला. त्या दुकानात तो आवाज मी जन्मल्यापासून होता. तो मला ऐकूच यायचा नाही, मग करतंय कोण ते काय कळणार?

रविवारी एक नर्सबाई आल्या. घरी एकट्या, मागे अंगण, स्वभावाने शांत. याहून चांगली जागा मिळाली नसती. मी अंगठी पर्समध्ये टाकली, हात स्वेटरच्या खिशात कोंबले आणि टेबलाच्या जवळपासही फिरकले नाही. ठिगळ त्यांच्यामागून निमूट गेला. गाडीत मागच्या सीटवर बसला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खिशातले हात आणखी खाली ढकलले. इंजिन सुरू झालं.

टक.

त्यानंतर काय झालं ते मला तुटक आठवतं. ठिगळने उघड्या खिडकीतून उडी मारली. माझ्या पायांनी मला विचारलं नाही. भानावर आले तेव्हा मी आणि ठिगळ दुकानात टेबलापाशी शेजारी शेजारी उभे होतो, आणि समोर एका बाहीचा कोट.

नर्सबाई दारात आल्या. हातात पाण्याची बाटली होती. "मी नुसती ही गाडीत समोर ठेवली हो," त्या म्हणाल्या. मग एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून विचारलं, "घर तुम्ही नक्की कोणासाठी शोधताय? एकासाठी, की दोघांसाठी?"

तर ठिगळ आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी ऑफिसात असते तेव्हा तो नर्सबाईंच्या अंगणात झोपतो. अंगठी मी डब्यात ठेवून दिली आहे, आणि त्या दोन दिवसांतला प्रत्येक आवाज कुठून आला हे मी कोणालाही पटवून देऊ शकते.

परवा मात्र मी ओट्यापाशी उभी होते. दोन्ही हात कणकेत. ठिगळने कान टवकारले, माझ्या खांद्याच्या मागे बघितलं आणि सावकाश खाली बसला. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

पण उगाच वाद कशाला, म्हणून मीही बसले.